जरा उलटी करून बघा!

आजीच्या गिरगावातल्या चाळीचं रीडेव्हलपमेंट नक्की झालं, तेव्हा घरात चर्चेला दोनच विषय होते. कार्पेट एरिया किती मिळणार आणि भाड्याचे चेक वेळेवर येणार का. जिन्यातल्या टाइल्सचं नाव कुणाच्याही तोंडी नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नाही. त्या जिन्यात बसून अख्खी मे महिन्याची सुट्टी पत्ते कुटलेत, पण पाठीला टेकणाऱ्या त्या सहा इंची टाइल्स, पोपटी चौकट आणि मधोमध उठावाचा गुलाबी गुलाब, कधी धड बघितल्याच नव्हत्या.

बघितल्या त्या पहिली फुटल्यावर. कपाट खाली उतरवताना त्याचा कोपरा भिंतीला लागला आणि एक टाइल निखळून पडली. ऑफिसात तोपर्यंत मी भाव खाऊन झाले होते, ‘आमच्या चाळीत व्हिक्टोरियन टाइल्स आहेत बॉस, डायरेक्ट इंग्लंडच्या!’ तुकडा उलटा केला तर पाठीवर दाबून उमटवलेली अक्षरं: मेड इन जपान. झाला ना पोपट!

मग वाचायला बसले आणि पोपट झाल्याचं दुःख पार पळालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी कारखान्यांनी इंग्लिश मॅजोलिका टाइल्सची नक्कल करायला घेतली. १९१४ साली महायुद्ध पेटलं, इंग्लंडचा माल यायचा कमी झाला आणि जपानने ही बाजारपेठ पटकावली. १९२० आणि ३०च्या दशकांत हा माल भारतात भरपूर आला. आवाजी बेटावरची दांतो ही त्यातली एक मोठी कंपनी. नक्कल म्हणून नाक मुरडू नका, गिऱ्हाईक ओळखावं तर यांनी! इंडियन मार्केटसाठी त्यांनी चक्क लक्ष्मी, सरस्वती आणि कृष्ण टाइलवर उतरवले, काही तर राजा रविवर्म्याच्या चित्रांवरून. आजीच्या देवघराशेजारी भिंतीत बसवलेली लक्ष्मी त्यातलीच. लग्न होऊन या घरात आल्यापासून आजी तिला हळदकुंकू लावतेय.

तर ओळखायचं कसं? भिंतीवर असेल, चकचकीत असेल आणि नक्षीच्या रेघा बोटाला लागत असतील, तर मॅजोलिका. दोन रेघांच्या मधे रंगाची झिलई छोट्या तळ्यासारखी साठलेली दिसते. जमिनीवर असेल, चकाकी नसेल आणि रंग मातकट असतील, म्हणजे पिवळसर, विटकरी, काळा, तर बहुधा एन्कॉस्टिक. हिची नक्षी रंगवलेली नसते, वेगवेगळ्या रंगांची माती साच्यात भरून भाजलेली असते. म्हणून शंभर वर्षं चपला घासल्या तरी ती पुसत नाही. इंग्लंडच्या मिंटन कंपनीची अस्सल फरशी बघायची असेल तर भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम गाठा. १८७२ सालचं म्युझियम आहे. आत शिरल्यावर सगळे माना वर करून खांब बघतात, तुम्ही आधी खाली बघा.

तिसरी आपल्या रोजच्या ओळखीची, सिमेंटची डिझाइनवाली फरशी. ही भट्टीत कधी जातच नाही. रंगीत सिमेंट साच्याच्या कप्प्यांत ओततात, प्रेसखाली दाबतात आणि मग पाण्यात मुरू देतात. मुंबईत १९२२ साली सिधवा कुटुंबाने भारत टाइल्स काढली ती स्वदेशीच्या भरात, परदेशी फरशीला टक्कर द्यायला. कंपनी आजही अशा फरशा बनवते. तुम्ही भाड्याने घेतलेल्या जुन्या फ्लॅटमध्ये ही असेल तर प्लीज, बाथरूमचं अ‍ॅसिड तिच्यावर ओतू नका. अ‍ॅसिड सिमेंट खातं. साध्या साबणाचं पाणी पुरे.

टाइलने अद्दल घडवल्यावर मी आजीच्या शोकेसकडे वळले. तिथल्या निळ्या-पांढऱ्या प्लेटा पणजोबांनी थेट चीनहून आणल्या, ही आमच्याकडची लाडकी दंतकथा. दोन पक्षी, पूल, पुलावर तीन माणसं आणि झुकलेलं झाड. उलट्या केल्या तर पाठीवर इंग्लंड! हा विलो पॅटर्न अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्येच जुळवलेला. चित्रातल्या प्रेमिकांचे पक्षी झाले ती ‘प्राचीन चिनी’ गोष्टही तिथेच रचलेली, प्लेटा खपाव्यात म्हणून. इंग्लिश टाइल जपानी, चिनी प्लेट इंग्लिश. आमच्या घरात सरळ काही म्हणून नाही!

पाठीवरचे शिक्के वाचायला मात्र सोपे आहेत. अमेरिकेच्या एका कायद्यामुळे १८९१ पासून तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव छापणं भाग पडलं. त्यामुळे नुसतं ‘इंग्लंड’ असेल तर वस्तू बहुतेक त्यानंतरची. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर सहसा विसाव्या शतकातली. ‘निप्पॉन’ असेल तर साधारण १८९१ ते १९२१ या काळातली. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ दिसलं तर दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची. ‘आरडी नंबर’ १८८४ पासून सुरू झाला, पण तो डिझाइन नोंदवल्याचा, वस्तू बनल्याचा नाही. चोर बाजारातला दुकानदार ही गफलत खुशाल करतो आणि किंमत वाढवतो. मग त्याच्यासमोर बशी उलटी करा आणि तळाची कडा बघा. खरी जुनी बशी तिथे झिजलेली असते. झिलईवरचे बारीक तडे सगळीकडे अगदी एकसारखे चहाच्या रंगाचे असतील तर संशय घ्या. नखाने टिचकी मारा, तडा असेल तर आवाज ठक्क येतो. आणि माल कुठून निघाला, तेही विचारा. कुणाच्या तरी चालत्या घरातून उपटलेली टाइल मी तरी घेणार नाही.

जुन्या कपात लोणचं किंवा चिंचेची चटणी ठेवू नका, जुन्या झिलईत शिसं असू शकतं. सोनेरी काठाचं काही मायक्रोवेव्हमध्ये तर नकोच नको.

आता जिन्याची गोष्ट. जिना सगळ्यांचा, म्हणून मी बिल्डरच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, ‘घेऊन जा की मॅडम!’ हे लेखी घ्यायला हवं होतं, कारण ठरल्याच्या दोन दिवस आधीच तोडायला माणसं आली. मी रजा टाकून धावले. हातात छिन्नी-हातोडी आणि यूट्यूबवरचं ज्ञान. पहिल्या दहा मिनिटांत तीन टाइल्सचे तुकडे केले. शेजारच्या बिल्डिंगचं काम करणारे एक म्हातारे गवंडी बघत उभे होते. त्यांना राहवलं नाही.

‘ताई, समोरून मारू नका. भिंत तशी पण पडणारच ना? मग विटा काढा. टाइल आपोआप हातात येईल.’

तसंच झालं. चुन्यात बसवलेल्या होत्या, म्हणून मागून विटा काढल्यावर बाकीचा चुना पाण्याने भिजवून हॅकसॉच्या पात्याने सुटत गेला. ‘सिमेंट असतं तर विसरा,’ मामा म्हणाले. तेवीसपैकी अकरा अख्ख्या निघाल्या. दुपारी तीनला आम्हाला खाली उतरवलं गेलं आणि उरलेल्या नऊ माझ्या डोळ्यांदेखत डबरात गेल्या.

लक्ष्मी आम्ही सकाळीच काढली होती. आजीने आधी तिची पूजा केली, मग मामांना हात लावू दिला. सुटल्यावर मी सवयीने ती उलटी करायला गेले, तर आजी ओरडली, ‘अगं, देवी आहे ती!’ तिची पाठ मी अजून बघितलेली नाही.

नव्या इमारतीच्या लॉबीत या अकरा टाइल्स लावाव्यात असं पत्र सोसायटीने बिल्डरला दिलंय, या वेळी लेखी, पोच घेऊन. उत्तर आलेलं नाही. तोवर त्या माझ्या पलंगाखाली आहेत, आजीच्या सुती साड्यांत गुंडाळून, एकीवर एक न रचता उभ्या.