सरकत्या पडद्यामागचा कीबोर्ड

पहिला अँड्रॉइड फोन टचस्क्रीनचा होता, तरी त्यावर काही लिहायचं तर पडदा बाजूला सारावा लागे. एचटीसीने बनवलेला टी-मोबाइल जी-१ हा तो फोन, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. ३.२ इंची पडदा अंगठ्याने ढकलला की तो सरळ न जाता हलक्या कमानीत फिरून वर सरके आणि खालून पाच ओळींचा कीबोर्ड बाहेर येई. त्याबरोबर पडद्यावरचं चित्रही आडवं होई. त्या वेळच्या अँड्रॉइडमध्ये काचेवरचा कीबोर्ड नव्हताच. तो २००९ मध्ये १.५ या आवृत्तीबरोबर आला.

खरी करामत बटणांखाली असते. अशा कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली धातूची पातळ, फुगीर चकती बसवतात. दाब पडताच ती पत्र्याच्या डबीच्या झाकणासारखी टचकन आत जाते, खालचे विजेचे संपर्क जोडते आणि बोट उचललं की पुन्हा फुगते. तो टचका आणि बटणाची कड बोटाला कळते, म्हणून न बघताही लिहिता येतं. काचेखालच्या कुठल्याही थरथरीने ते सुख भरून काढलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

याची किंमत होतीच. फोन जाड, वजन १५८ ग्रॅम. पडदा आणि कीबोर्ड जोडणारी लवचिक पट्टी प्रत्येक उघडझापीला वाकते. तिच्यातल्या तांब्याच्या बारीक रेषा तुटल्या की पडदा बंद पडू शकतो. शिवाय बटणांवरची अक्षरं कायमची छापलेली. काचेवरचा कीबोर्ड सॉफ्टवेअर बदललं की देवनागरी होतो.