विमान प्रतिकृती, मोठ्या प्रमाणाच्या

सुट्या प्लॅस्टिक भागांच्या जोडसंचापासून उभारलेल्या, प्रत्यक्ष विमानाच्या १/३२ किंवा १/२४ मापाच्या स्थिर प्रतिकृती. उडणाऱ्या प्रतिकृतीत वजन व वायुगतिकी यांना महत्त्व असते. स्थिर प्रतिकृतीत मूळ विमानाशी असलेले रूपसाम्य हेच साध्य होय. प्रचलित प्रमाणे इंग्रजी मापनपद्धतीतून आलेली आहेत. सहा फुटांस एक इंच धरल्यास १/७२, एका फुटास पाव इंच धरल्यास १/४८ आणि अर्धा इंच धरल्यास १/२४ हे प्रमाण मिळते. ११.२३ मी. पंखविस्ताराचे व ९.१२ मी. लांबीचे स्पिटफायर विमान १/२४ प्रमाणात सु. ४६.८ सेंमी. रुंद व ३८ सेंमी. लांब होते.

संपूर्ण प्लॅस्टिकचे पहिले विमानसंच ब्रिटनमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने १९३६ मध्ये निघाले; ते सेल्युलोज ॲसिटेटाचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरिनाने त्याची जागा घेतली. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९५३ मध्ये स्पिटफायरचा लहानसा संच काढला आणि १९७० मध्ये त्याच विमानाच्या एमके १ ए या प्रकाराचा १/२४ प्रमाणाचा संच बाजारात आणला. एंजिन, पंखांतील बंदुका आणि त्यांवरील झाकणे एवढा तपशील त्यात होता. त्यापाठोपाठ मेसरश्मिट १०९, हरिकेन, मस्टँग इ. विमानांचे संच आले. या पिढीतील संचांना आज अभिजात मानतात आणि पूरक भाग जोडून ते नव्याने उभारण्याकडे अनेकांचा कल आहे.

जुन्या संचांच्या मर्यादा त्यांच्या निर्मितिप्रक्रियेत आहेत. वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने पोलादी साच्यात भरले जाते व थंड झाल्यावर भाग बाहेर ढकलले जातात. साच्याच्या पृष्ठावर रेघ कोरली की भागावर ती उंचवट्याच्या रूपाने उमटते; भागावर खाच हवी असल्यास साच्यात तेवढी कड उभी ठेवून भोवतीचे सर्व पोलाद काढावे लागते. त्यामुळे खर्च वाचविण्यासाठी जुन्या अनेक संचांत पत्र्यांचे सांधे उठावदार रेघांनी दाखविलेले आढळतात. प्रत्यक्षात सांधा ही फट असते. शिवाय जाड भाग थंड होताना आक्रसतो व पृष्ठावर खळगा पडतो. भाग ढकलणाऱ्या खिळ्यांच्या वर्तुळाकार खुणा आतील बाजूस राहतात. या खुणा नेमक्या वैमानिक कक्षात उघड्या पडतात.

सर्वांत मूलभूत अडचण जाडीची आहे. लांबी-रुंदी प्रमाणात लहान करता येते. पण प्लॅस्टिकच्या भिंतीची जाडी साच्यातील प्रवाहावर अवलंबून असल्याने ती एका मर्यादेखाली नेता येत नाही. विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्रा बहुधा १ मिमी.पेक्षाही पातळ असतो, म्हणजे १/२४ प्रमाणात तो ०.०४ मिमी.हून कमी भरावा. संचातील भिंत दीड मिमी. असेल, तर ती ३६ मिमी. जाडीचे चिलखत ठरते. दोन्ही बाजूंच्या भिंती मिळून कक्षाची रुंदी प्रत्यक्ष मापाने ७२ मिमी.नी घटते. स्पिटफायरचा कक्ष मुळातच अतिशय अरुंद. त्यात ही घट डोळ्यांना खुपते. पूरक भागांची खरी गरज येथे उत्पन्न होते आणि त्यांची निवडही याच कसोटीवर करावयास हवी. जेथे प्लॅस्टिक पुरेसे पातळ होऊ शकत नाही तेथे पूरक भाग सार्थ ठरतो, अन्यत्र तो केवळ खर्च असतो.

पूरक भाग बहुधा संचाच्या उत्पादकाऐवजी अन्य छोटे व्यवसाय बनवितात. १९८० च्या दशकात बेल्जियममधील वर्लिंडेन आणि १९८९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात सुरू झालेली एडुआर्ड या संस्थांची नावे या क्षेत्रात परिचित झाली. पितळेच्या पातळ पत्र्यावर प्रकाशसंवेदी लेप देऊन, चित्राप्रमाणे प्रकाशित करून नको असलेला धातू रसायनाने खाववितात. अशा रीतीने बनविलेला पट्टा ०.१ मिमी. जाडीचा असल्यास तो प्रत्यक्षातील २.४ मिमी.शी जुळतो. वैमानिकाचे आसनपट्टे, त्यांचे बक्कल व उपकरणफलक यांसाठी म्हणूनच पितळ उत्तम. गोल छेदाची दांडी मात्र त्यातून चपटी होते, ती तारेची करावी. रबरी साच्यात ओतलेल्या पॉलियुरेथेन रेझिनात बारीक तपशील व खाली वळलेले कोपरे साधतात; कारण लवचिक साचा भागावरून सोलून काढता येतो. तथापि ओतीव भाग किंचित आक्रसलेला असतो, म्हणून कापण्यापूर्वी तो कोरडा बसवून पाहणे आवश्यक असते. अलीकडे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनाचे थरावर थर चढवून छापलेले भागही मिळतात.

भाग विकत घेण्यापूर्वी कोणत्या महिन्यातील कोणते विमान उभारावयाचे, हे निश्चित करावे लागते. पहिल्या ७७ स्पिटफायर विमानांना दोन पात्यांचा लाकडी पंखा होता. पुढे तीन पात्यांचा आला. छत प्रथम सपाट व नंतर फुगीर झाले. खालच्या बाजूचा डावा पंख काळा व उजवा पांढरा ही रंगयोजना जाऊन जून १९४० पासून फिकट हिरवट ‘स्काय’ रंग आला. अचूक घडविलेला भाग चुकीच्या काळातील विमानावर बसविल्यास तो चूकच ठरतो. भारतीय वाचकास दिल्लीतील पालम येथील वायुसेनेच्या संग्रहालयात स्पिटफायर पाहता येते. परंतु ते ग्रिफन एंजिनाचे उत्तरकालीन विमान असल्याने त्याच्या नाकाडावरून व पंख्यावरून एमके १ चे माप घेऊ नये.

बांधणीत प्रथम धडाच्या दोन्ही अर्धांच्या कडा व कक्षालगतच्या भिंती आतून खरवडून पातळ करतात. भिंत उजेडासमोर धरली असता प्रकाश झिरपू लागला की थांबावे. पॉलिस्टायरिनाचे भाग जोडणारा द्रव म्हणजे गोंद नव्हे. तो विद्रावक असून दोन्ही पृष्ठे विरघळवून एकजीव करतो. रेझिन किंवा पितळ त्याने चिकटत नाही, त्यासाठी सायनोॲक्रिलेट वा इपॉक्सी लागते. रेझिन घासताना उडणारी धूळ फुप्फुसांस अपायकारक असल्यामुळे ते पाण्यात भिजवून घासावे व नाकातोंडावर योग्य गाळणीचा मुखवटा ठेवावा.

उठावदार रेघा घासून त्या जागी सुईने खाचा पाडणे हे कष्टाचे काम आहे. रिव्हेटांबाबत मात्र सरसकट घासणे चुकीचे. स्पिटफायरच्या विकासकाळात सपाट माथ्याच्या रिव्हेटांवर वाटाण्याच्या डाळीचे दाणे चिकटवून, गोल माथ्यांनी वेग किती घटतो याची उड्डाण चाचणी घेण्यात आली होती. दाणे टप्प्याटप्प्याने काढीत गेल्यावर सपाट रिव्हेट कोठे अत्यावश्यक आहेत हे कळले. पंख गुळगुळीत राहिले. धडावर गोल माथे चालवून घेण्यात आले. साहजिकच प्रतिकृतीतही पंख गुळगुळीत ठेवावेत व धडावर बारीक उंचवटे राहू द्यावेत. पाच मिमी.चा माथा येथे ०.२ मिमी.चा होतो, हे ध्यानात ठेवावे.

पितळी बंदूकनळ्यांचा मोह अनेकांना होतो. एमके १ ए च्या आठ ब्राउनिंग बंदुका पंखांच्या आत असत आणि उड्डाणापूर्वी त्यांची तोंडे कापडी पट्ट्यांनी झाकीत. झाकणे उघडी ठेवावयाची नसतील, तर या नळ्या कोणासही दिसणार नाहीत. सर्वच झाकणे उघडल्यास पंखाची लंबवर्तुळाकृती बाह्यरेषा, जी या विमानाची ओळख आहे, तीच हरवते. एंजिनाचे आवरण एका बाजूने उघडे व दुसरी बाजू अखंड ठेवणे प्रस्तुत लेखकास अधिक समाधानकारक वाटते. रेझिनाच्या एंजिनाने पुढील भार वाढतो, तेव्हा चाकांचे प्लॅस्टिकचे पाय कालांतराने फाकतात. त्यांत पोलादी तार घालणे किंवा धातूचे पाय वापरणे हा जाडीपेक्षा वेगळ्या, पण तितक्याच योग्य कारणाचा बदल होय.

रंग फवाऱ्याने पातळ थरांत द्यावा. जाड थराने ०.२ मिमी.चा तपशील बुजतो. जुन्या संचातील पाण्याने सुटणारी चिन्हचित्रे पिवळी पडलेली असतात. ती काही दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवल्यास पिवळेपणा पुष्कळदा उतरतो, परंतु तडे गेलेली चित्रे बदलणेच बरे. मऊ व्हिनिलाचे टायर असल्यास ते वापरू नयेत, कारण त्यांतील मृदुकारक द्रव्य पॉलिस्टायरिनात झिरपून चाकाचा गाभा वितळवू लागते. रेझिनाचे टायर हा त्यावरील उपाय असून, त्यांचा तळ विमानाच्या भाराने किंचित चपटा झालेला दाखविलेला असतो.

एअरफिक्सने १/२४ प्रमाणाचा स्पिटफायर एमके ९ सी हा नवा संच २०२२ मध्ये काढला. संगणकीय आराखड्यावरून बनविलेल्या अशा संचांत खाचा व पातळ कडा मुळातच येतात. त्यामुळे पूरक भागांची निकड कमी होते. एमके १ ए उभारू इच्छिणाऱ्यास मात्र नव्या संचाचे धड उपयोगी पडत नाही, कारण दोन्ही प्रकारांची एंजिने व नाकाडाची लांबी भिन्न आहे.