लांब पल्ल्याचे भिंग आणि हिवाळी पाहुणे

भरतपूरच्या केवलादेव घना राष्ट्रीय उद्यानात काही शिलापट्ट उभे आहेत. संस्थानी अमदानीत तेथे झालेल्या शिकारींचा हिशेब त्यांवर कोरलेला आहे. त्यांतील सर्वांत मोठा आकडा नोव्हेंबर १९३८ मधील एका दिवसाचा असून तो व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी योजलेल्या शिकारीचा आहे. त्या एका दिवशी ४,२७३ पक्षी मारले गेले. हेच पाणथळ १९८५ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाले. आता हिवाळ्याच्या दिवसांत तेथील बांधांवर बंदुकांच्या जागी लांबलचक भिंगे लावलेले कॅमेरे दिसतात. मराठीत ‘टिपणे’ हे क्रियापद या दोन्ही कामांना चालते, हा योगायोग मोठा बोलका आहे. कारण कॅमेऱ्याने पक्षी मरत नसला, तरी कॅमेरा धरणाऱ्याचे पाऊल त्याला अपाय करू शकते. आणि दुरून येणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत हा अपाय चटकन डोळ्यांना दिसत नाही.

पक्ष्यांच्या छायाचित्रणाला लांब पल्ल्याचे भिंग का लागते, हे एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. पट्टकादंब हा हंसाच्या कुळातील पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे पाऊण मीटर भरतो. तो ३० मीटर अंतरावर उभा असता ५० मिलिमीटर नाभ्यांतराच्या नेहमीच्या भिंगातून त्याची प्रतिमा जेमतेम सव्वा मिलिमीटर लांबीची पडते. ३६ मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत तो एक ठिपकाच होय. तेथेच ४०० मिलिमीटरचे भिंग लावले, तर प्रतिमा १० मिलिमीटरची होते व डोक्यावरील दोन काळे पट्टे स्पष्ट उमटतात. इतक्या नाभ्यांतराचे भिंग साध्या रचनेचे केल्यास ती नळी फार लांब होईल. म्हणून खऱ्या टेलिफोटो भिंगात पुढे किरण एकत्र आणणारा भिंगांचा गट आणि मागे त्यांना किंचित फाकवणारा दुसरा गट बसवलेला असतो. त्यामुळे नाभ्यांतर तेवढेच राहून नळीची लांबी आटोक्यात येते.

परंतु या मोठेपणाची किंमत मोजावी लागते. भिंग पक्ष्याबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढवते. हातात धरलेल्या ४०० मिलिमीटरच्या भिंगासाठी शटर निदान १/४०० सेकंद इतके जलद असावे, असा जुना ठोकताळा आहे. अलीकडच्या भिंगांतील कंपरोधक यंत्रणेने ही अट पुष्कळ सैल केली असली, तरी त्या यंत्रणेने हात स्थिरावतो. पक्षी स्थिरावत नाही. उडणाऱ्या बदकाचे पंख गोठवायचे तर १/२००० सेकंदाच्या आसपासच जावे लागते. दुसरी अडचण खोलीची. ४०० मिलिमीटरचे भिंग ५.६ या छिद्रांकावर ठेवून १० मीटरवरील पक्षी घेतला, तर जेमतेम वीतभर जाडीचा थर स्पष्ट उमटतो. म्हणून रोख पक्ष्याच्या डोळ्यावरच साधावा लागतो. डोळा धूसर असला की उरलेले चित्र कितीही सुबक असो, ते निर्जीव वाटते.

तिसऱ्या अडचणीवर मात्र पैशाने मात करता येत नाही. ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि दूरच्या पक्ष्याच्या कडा विरघळतात. अशा वेळी अधिक लांब भिंग लावणे म्हणजे ती थरथर अधिक मोठी करून पाहणे. भरतपूरला डिसेंबर-जानेवारीत पहाटे दाट धुके असते आणि दुपारी ही थरथर. मधले सकाळचे दोन-तीन तास काय ते कामाचे.

आता पक्ष्याच्या बाजूचा हिशेब पाहू. पट्टकादंब तिबेट, मंगोलिया, लडाख या उंच प्रदेशांत वीण करतो आणि हिमालय ओलांडून भारतात येतो. अंगावर यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात तो ७,००० मीटरहूनही अधिक उंचीवर गेल्याचे नोंदले गेले आहे. वसंतात हाच प्रवास उलट करावयाचा असतो आणि त्यासाठी लागणारी चरबी हिवाळ्यातील चरण्यातूनच साठवायची असते. थवा उठवला गेला की दुहेरी तोटा होतो. उडण्यात शक्ती खर्च होते आणि चरण्याचा वेळ जातो. एकदा उडवल्याने हंस मरत नाही. पण दिवसातून दहा माणसांनी तेच केले, तर त्याचे काय होत असेल याचा विचार दहांपैकी एकही जण करीत नाही.

पक्षी याची सूचना आधी देत असतात. चरणाऱ्या हंसांनी माना खाली घातलेल्या असतात. एक-दोन माना वर झाल्या तर ती नेहमीची टेहळणी समजावी. पण निम्म्याहून अधिक माना ताठ झाल्या, सर्वांची तोंडे एका दिशेला वळली आणि थवा पाण्याकडे चालू लागला, की मर्यादा ओलांडली गेली. याच क्षणी छायाचित्रकाराने थांबावे, किंबहुना दोन पावले मागे यावे. पक्षी उडतानाचे चित्र हवे म्हणून टाळी वाजवणारे लोकही पाणथळांवर भेटतात. त्यांना छायाचित्रकार म्हणावे की नाही, हा प्रश्नच आहे. थवा आपण होऊन कधी उडतो, कोणीकडे उतरतो, याची वेळ दोन-तीन सकाळी बसून पाहिली की आपोआप कळते.

जवळ जाण्याचे सौम्य उपाय आहेत. पायी चालणाऱ्या माणसाला पक्षी जितके बुजतात तितके वाहनाला बुजत नाहीत. भरतपूरच्या बांधांवर रिक्षा फिरतात. पक्ष्यांना त्यांची सवय झालेली असून रिक्षावाल्यांपैकी पुष्कळ जण पक्ष्यांचे उत्तम जाणकार आहेत. रिक्षातून खाली न उतरता, मांडीवर वाळूची किंवा धान्याची पिशवी ठेवून तिच्यावर भिंग टेकवले, तर तिपाईचे काम भागते. काठावर लपणात बसायचे असल्यास उजाडण्यापूर्वी आत शिरावे आणि पक्षी दूर गेल्यावरच बाहेर पडावे. भिंग जितके पाण्याच्या पातळीजवळ, तितके चित्र पक्ष्याच्या जगातले वाटते. मद्रासचे निसर्गलेखक मा. कृष्णन हे वेगवेगळ्या यंत्रांचे भाग जोडून स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्याने काम करीत. त्याला त्यांनी विनोदाने ‘सुपर पाँडेरोसा’ असे भारदस्त नाव दिले होते. महागड्या भिंगाअभावी हात बांधले गेले असे मानणाऱ्यांनी त्यांची कृष्णधवल चित्रे अवश्य पाहावीत.

अशा चित्रांचा उपयोग भिंतीवर टांगण्यापुरता नसतो. मंगोलियात संशोधकांनी काही पट्टकादंबांच्या गळ्यात अक्षरे आणि अंक असलेल्या रंगीत पट्ट्या चढवल्या. ती अक्षरे दुर्बिणीतून वा लांब भिंगाने घेतलेल्या चित्रांतून वाचता आल्यामुळे ते पक्षी दक्षिण भारतातील तलावांपर्यंत येतात, हे पक्ष्याला पुन्हा न पकडता सिद्ध झाले. म्हणून पट्टी किंवा वाळा असलेला पक्षी चौकटीत आला, तर सौंदर्याचा विचार क्षणभर बाजूस ठेवून अंक स्पष्ट येईल असे चित्र घ्यावे आणि तारीख व स्थळ टिपून ठेवावे.

भरतपूरचा सर्वांत प्रसिद्ध पाहुणा सायबेरियन क्रौंच हा होता. शुभ्र अंग, तांबडा चेहरा आणि उडताना दिसणारी पंखांची काळी टोके अशा या पक्ष्याचा थवा पश्चिम सायबेरियातून अफगाणिस्तानमार्गे येत असे. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास येथे सुमारे २०० क्रौंच येत. वाटेतील शिकार आणि पाणथळांचा ऱ्हास यांमुळे ही संख्या घटत गेली. २००२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. त्यानंतर एकही क्रौंच भरतपूरला आला नाही. या जातीचे बहुतेक पक्षी आता चीनमधील पोयांग सरोवरावर हिवाळा काढतात. भरतपूरच्या उथळ पाण्यात चोच खुपसून कंद उकरणाऱ्या क्रौंचांची पूर्वी दुरून घेतलेली छायाचित्रे मात्र शिल्लक आहेत. त्या जागी आज सारस, चक्रवाक, थापट्या आणि तलवार बदके दिसतात आणि मार्च संपता संपता त्यांपैकी सारस तेवढा मागे राहतो.