घरबसल्या धंदा आणि वेळेचा हिशेब

घरी बसून मोबाईलवर धंदा करणाऱ्या माणसाला आपण सर्वजण एक वाक्य हमखास ऐकवतो, ‘तुमचे बरे आहे, घरीच तर असता.’ या वाक्यात कौतुक कमी आणि गैरसमज जास्त असतो. घरी असणे म्हणजे मोकळे असणे, असा तो गैरसमज आहे. तो आमच्याही डोक्यात अनेक वर्षे होता. तो कसा गेला आणि त्यापायी आमच्या घराला काय मोजावे लागले, हे वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे बिडकीन हे छत्रपती संभाजीनगर ते पैठण या रस्त्यावरचे गाव. गावाच्या अंगाला ७,८५५ एकरांचे औद्योगिक क्षेत्र उभे राहत असून २९ सप्टेंबर २०२४ रोजी त्याचे लोकार्पण झाले. कारखाना म्हटला की पाळी आली, हजेरी आली, जेवणाची सुटी आली. कामगार फाटकातून आत गेला की तो कामावर आहे आणि बाहेर पडला की सुटला, हे शेंबड्या पोरालाही कळते. कामाला असे ठरावीक तास असणे ही गोष्ट कष्टकऱ्यांना आपोआप मिळालेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे काम पाहत होते. त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. परंतु हा कायदा कारखान्याच्या फाटकापाशी थांबतो. स्वयंपाकघरात बसून चटण्यांचे डबे भरणाऱ्या बाईला पाळी कोण लावून देणार? ती तिला स्वतःलाच लावून घ्यावी लागते, आणि घरच्यांनी ती पाळावी लागते.

घरी बसून धंदा करणे आपल्याकडे नवे नाही. पैठणी विणणाऱ्यांच्या घरातच माग असतो. पापड, कुरडया, शेवया ही कामे तर अंगणातलीच. पण या जुन्या धंद्यांना सूर्य वेळ लावून देत असे. उजेड गेला की बारीक विणकाम थांबे, ऊन उतरले की वाळवण आत येई.

या बाबतीत लिज्जत पापडाचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन हा उद्योग सुरू केला. त्याची ख्याती सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्यांनी वेळ कशी बांधली याकडे फारसे कोणी पाहत नाही. पीठ केंद्रावर मळले जाते. भगिनी सकाळी येऊन मळलेले पीठ घरी नेतात, लाटून वाळवलेले पापड दुसऱ्या दिवशी केंद्रावर जमा करतात, वजन होते आणि लाटणावळ मिळते. म्हणजे काम घरात केव्हा येणार, किती येणार आणि घराबाहेर केव्हा जाणार, या तिन्ही गोष्टी पक्क्या. मधला वेळ त्या भगिनीचा. गिऱ्हाईक मध्यरात्री तिच्या दारावर थाप मारीत नाही.

मोबाईलने नेमकी हीच चौकट मोडली. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि घरबसल्या पैसे घेता येऊ लागले. २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने व्यावसायिकांसाठी वेगळे अ‍ॅप काढले. त्यामुळे भांडवल नसलेल्या माणसालाही दुकान उघडता आले, ही मोठीच गोष्ट झाली. गाळा नको, पागडी नको, कोणाची मिनतवारी नको. मात्र या दुकानाला शटर नाही. ते बंद केव्हा करायचे हे कोणीच सांगितले नाही.

आता आमच्या घरची हकिकत सांगतो. आमच्या सौ. येसर, शेंगदाण्याची चटणी आणि कारळाची चटणी करून मोबाईलवरून विकतात. मराठवाड्याबाहेर राहणाऱ्या आपल्या माणसांना येसराच्या आमटीची आठवण येते, त्यामुळे मागणी बरी असते. आम्ही बँकेत कारकून. दहा वाजता जायचे, काम आटोपून यायचे. सौ. जे करतात ते ‘फावल्या वेळेतले’ अशीच आमची समजूत होती.

एके दिवशी आम्ही रजेवर घरी होतो. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने लग्नाच्या पंगतीसाठी १२ किलो येसर सांगितले होते. किलोला ३५० रुपयांप्रमाणे ४,२०० रुपयांचा माल, त्यांपैकी १,००० रुपये विसार आलेला. त्या पैशांतून मुलीच्या वसतिगृहाचा हप्ता भरायचा होता. माल त्याच दिवशी टपालात पडणे आवश्यक होते. सकाळी सौ. पाकिटे भरायला बसल्या. तेवढ्यात नळाला पाणी आले, त्या उठल्या. मग गॅसची टाकी आली, त्या उठल्या. दुपारी आमच्याकडे पाहुणे आले. आम्ही सवयीने हाक मारली, ‘अहो, चहा टाका, आणि जेवूनच जातील म्हणतात.’ स्वयंपाक झाला, जेवणे झाली. आम्ही पार्सल घेऊन पोस्टात पोहोचलो तेव्हा पार्सल घेण्याची वेळ टळली होती. दुसऱ्या दिवशी रविवार. माल वेळेत पोहोचणार नाही हे कळताच गिऱ्हाइकाने मागणी रद्द केली. विसार परत द्यावा लागला, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा आले नाही.

आम्ही म्हणालो, ‘जरा लवकर उरकायचे होते.’ त्यावर सौ. शांतपणे म्हणाल्या, ‘तुमच्या बँकेत येऊन कुणी म्हणतं का, कारकूनसाहेब, रांग राहू द्या, आधी जरा दळण आणून द्या?’

याला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्या रात्री आम्ही एक वही काढली. बँकेच्या नोकरीने आम्हांला एक सवय लावली आहे, जे लिहिलेले नाही ते धरायचे नाही. सात दिवस सौ.नी कामाला बसल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि उठण्याचे कारण एवढेच लिहिले. आठवड्याअखेर बेरीज केली. धंद्यावर एकूण ३८ तास गेले होते. त्यांपैकी प्रत्यक्ष माल करण्यात १६ तास, पाकिटे भरणे व पोस्टात जाणे यांत ८ तास आणि फोनवर तब्बल १४ तास. काम अर्धवट सोडून त्या ३१ वेळा उठल्या होत्या. त्यांतील ११ वेळा उठवणारे आम्ही होतो. आठवड्याची निव्वळ मिळकत १,९०० रुपये, म्हणजे तासाला ५० रुपये. फोनवरचे १४ तास या हिशेबाने ७०० रुपयांचे झाले. वेळ वाया जातो असे आपण नुसते म्हणतो. वहीत त्याचे रुपये मांडले की तो डोळ्यांना दिसतो.

त्यानंतर घरात सर्वांनी बसून काही गोष्टी ठरवल्या. त्या कोणालाही करता येण्याजोग्या आहेत, म्हणून सविस्तर देतो.

पहिली गोष्ट, दुकानाची वेळ. सकाळी ११ ते दुपारी २ माल तयार करणे, २ ते ३ पार्सल, आणि संध्याकाळी ५ ते ६ फोन. व्यावसायिक व्हॉट्सअ‍ॅपमध्ये कामाची वेळ लिहून ठेवता येते आणि त्या वेळेबाहेर निरोप आला तर आपोआप उत्तर जाण्याची सोय असते. ‘आपला निरोप मिळाला, उद्या संध्याकाळी ५ नंतर कळवतो’ एवढे उत्तर गिऱ्हाइकाला पुरते. गिऱ्हाइके तुटतील अशी धास्ती होती, परंतु तसा अनुभव आला नाही. उत्तराला उशीर झाला तर गिऱ्हाईक थांबते, दिलेला शब्द चुकला तर मात्र जाते.

दुसरी गोष्ट, तीच ती उत्तरे. ‘भाव काय, तिखट किती, किती दिवस टिकते’ हे तीन प्रश्न रोज वीस जण विचारतात. मालाची यादी भावासह त्या अ‍ॅपमध्ये लावून ठेवली आणि नेहमीची उत्तरे एकदाच लिहून साठवली. फोनवरचा निम्म्याहून अधिक वेळ येथेच वाचला.

तिसरी गोष्ट, एका जातीची कामे एका वेळी. एक पाकीट भरा, पत्ता लिहा, पुन्हा दुसरे भरा, यात हात आणि लक्ष दोन्ही मोडतात. आता भाजणे एका दिवशी, दळणे दुसऱ्या दिवशी, आणि पार्सल आठवड्यातून ठरलेले तीनच दिवस. हे दिवस गिऱ्हाइकाला मागणी घेतानाच सांगितले जातात. लग्नकार्याच्या मालाला मात्र दोन दिवस आधीची तारीख धरली जाते.

चौथी गोष्ट, दिवसअखेर. बँकेत रोख मिळाल्याशिवाय रोखपाल घरी जात नाही. घरच्या धंद्यातही रात्री जेवणाआधी दहा मिनिटे वही मिळवावी. आज आलेल्या मागण्या, गेलेला माल, जमा झालेले पैसे आणि उद्याचे पहिले काम, या चार ओळी लिहिल्या की दुकान मिटले. मागण्या फोनमधील गप्पांच्या ढिगात शोधण्यात जो वेळ जातो तो या चार ओळी वाचवतात. धंद्याचे खातेही घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे असावे. दोन्ही पैसे एकत्र असले तर हिशेबालाच एक संध्याकाळ लागते.

पाचवी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती घरातल्या इतरांनी करायची आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईचा भार दहा मिनिटांनी हलका झाला खरा, पण पुरुषाचा हातभारही नऊ मिनिटांनी घटला. ज्या बाईचे जवळजवळ पाच तास आधीच घरात जातात, तिला ‘वेळेचे नियोजन करा’ असा नुसता उपदेश करणे म्हणजे रिकाम्या डब्यातून पीठ काढायला सांगणे होय. तिच्या डोक्यावरचे काहीतरी उतरवल्याशिवाय कोणतेही वेळापत्रक चालत नाही. आमच्या घरी पाणी भरणे, दळण आणि संध्याकाळची भांडी आमच्याकडे आली. ११ ते ३ या वेळेत पाहुणे आले तर चहा मुलगा करतो. सुरुवातीला शेजारीपाजारी हसले. आताही कोणी कोणी हसतात. असो.

तीन महिन्यांनी पुन्हा सात दिवसांची वही लिहिली. माल करण्याचे तास १६ च राहिले, कारण येसर भाजायला जो वेळ लागतो तो लागतोच. पार्सलचे तास ८ वरून ६ वर आणि फोनचे १४ वरून ६ वर आले. एकूण २८ तास. मिळकत १,९६० रुपये, म्हणजे तासाला ७०. वाचलेल्या दहा तासांत आणखी माल करावा असे आम्ही सुचवले. सौ. म्हणाल्या, ‘आधी दोन तास झोप, मग बघू.’ आम्हांला ते पटले. रविवारी दुकान बंद असते.

सर्व काही सुरळीत झाले, असे मात्र नाही. सणासुदीला वेळापत्रक कोलमडते. एखादे जुने गिऱ्हाईक रात्री दहाला फोन करते आणि उचलावा लागतो. आम्हीही अधूनमधून चुकून हाक मारतो. पण आता ती चूक आहे हे घरात सर्वांना कळते.

आपल्या समाजातील अनेक भगिनी आणि नोकरी न मिळालेले तरुण आज घरातून मोबाईलवर धंदा करीत आहेत. त्यांना मदत करायची तर भांडवल आणि गिऱ्हाईक यांच्याबरोबर त्यांच्या वेळेचाही विचार करावा लागेल. वाचकांना नम्र विनंती आहे, आपल्या घरात कोणी असा धंदा करीत असेल तर येत्या सोमवारपासून सात दिवस वही लिहून पाहावी. आणि त्यांना कामावरून उठवणाऱ्यांच्या रकान्यात आपले नाव किती वेळा येते, ते आधी मोजावे.