आकाशांतील निर्माल्य

शके १९४४ ची वर्षप्रतिपदा, म्हणजे २ एप्रिल २०२२ हा दिवस, विदर्भ, खानदेश व मराठवाड्याचा कांहीं भाग येथील लोक सहसा विसरणार नाहींत. गुढ्या उतरून झाल्या होत्या आणि रात्रीचे पावणेआठ वाजण्याचा सुमार होता. तोंच पश्चिमेकडून पूर्वेकडे तेजस्वी गोळ्यांची एक रांग, मागें शेपटें ओढीत, संथपणें आकाशांतून जातांना सहस्रावधि लोकांनीं पाहिली. आमच्या गोरेगावीं दुसरे दिवशीं पारावर दुसरा विषयच नव्हता. कोणी तिला उल्का म्हणे, कोणी विमान, तर कोणी नववर्षाचा अपशकुन.

त्याच रात्रीं चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी गांवीं एक मोठें धातूचें कडें आकाशांतून पडलें. त्याच तालुक्यांत पुढें धातूचे पोकळ गोळेहि सांपडले. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. आकाशस्थ वस्तूंचा माग ठेवणाऱ्या तज्ज्ञांनीं काळवेळ व मार्ग यांचा मेळ घालून असा निष्कर्ष काढिला कीं, फेब्रुवारी २०२१ मध्यें चीननें सोडलेल्या ‘लाँग मार्च ३ ब’ या अग्निबाणाचा हा तिसरा टप्पा असावा. काम संपल्यावर तो वर्षभर पृथ्वीभोंवतीं फिरत राहिला व शेवटीं आमच्या डोक्यावरून खालीं आला.

उल्का आणि हा कचरा यांतील भेद घरांतल्या मुलांनाहि ओळखतां येतो. उल्का बाह्य अवकाशांतून अतिवेगानें येते व निमिषार्धांत विझते. मानवनिर्मित वस्तु त्या मानानें मंद असल्यामुळें चांगली मिनिटभर दिसते, आणि वाटेंत फुटल्यामुळें तिचे तुकडे एकामागून एक रांगेनें चालतात. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत उल्कांचीं लक्षणें सांगण्यास एक अध्याय दिला आहे. पण मनुष्यानेंच वर फेंकलेली वस्तु मनुष्याच्याच अंगणांत पडेल, ही कल्पना त्यास कोठून असणार? आमच्यापासून फार दूर नसलेलें लोणारचें सरोवर निसर्गाच्या आघातानें झालें. सिंदेवाहीचें कडें ही मात्र सर्वस्वीं माणसाची करणी.

हा कचरा आहे तरी किती? मागोवा ठेवतां येईल अशा वस्तु सुमारें चाळीस हजार आहेत व त्यांतील चौथ्या हिश्श्याहून अधिक कार्यक्षम उपग्रह आहेत. एका सेंटिमीटरहून मोठे तुकडे दहा लाखांच्या वर असावेत असा अंदाज आहे. बाकीचे सारे मृत उपग्रह, अग्निबाणांचीं टरफलें आणि फुटलेल्या यंत्रांचे अवशेष. खालच्या कक्षेंतील वस्तूंचा वेग सेकंदास साडेसात किलोमीटर, म्हणजे बंदुकीच्या गोळीच्या जवळजवळ आठपट. या वेगानें आमच्या गोरेगावाहून मुंबईस पोंचावयास एक मिनिट पुरे! अशा वेगानें आलेली एखादी चाकी कोट्यवधि रुपयांचा उपग्रह निकामी करूं शकते.

१० फेब्रुवारी २००९ रोजीं सैबेरियावर सुमारें ७९० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचा ‘इरिडियम ३३’ व रशियाचा मृत ‘कॉसमॉस २२५१’ हे उपग्रह एकमेकांवर आदळले आणि हजारों नवे तुकडे निर्माण झाले. एका टकरीचे तुकडे दुसऱ्या टकरीस कारण व्हावे, तिचे तिसरीस, अशी परंपरा लागल्यास कांहीं कक्षा वापरण्याजोग्या राहणार नाहींत, हा इशारा केसलर या शास्त्रज्ञानें १९७८ सालींच दिला होता. जाणूनबुजून केलेल्या स्फोटांचीहि यांत भर आहे. २००७ मध्यें चीननें आपलाच जुना उपग्रह फोडला; २७ मार्च २०१९ रोजीं आपल्या देशानेंहि तशी परीक्षा केली. आपली परीक्षा सुमारें तीनशें किलोमीटरच्या आंत झाल्यानें बहुतेक तुकडे लवकर खालीं येऊन जळाले, चीनचे पुष्कळसे अद्यापि फिरत आहेत, हें खरें. तथापि दुसऱ्यास दोष देतांना आपलेंहि अंगण पाहावें हें बरें.

या गर्दीवर पहारा ठेवणें हें आज एक स्वतंत्र शास्त्र झालें आहे. श्रीहरिकोटा येथील इस्रोचें रडार एकाच वेळीं दहा वस्तूंचा माग घेतें आणि आठशें किलोमीटरवरील हातभर तुकडाहि त्यास दिसतो. रेडिओलहर सोडावयाची, प्रतिध्वनि परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढावयाचें, लहरींतील फरकावरून वेग काढावयाचा व त्यावरून पुढील मार्ग गणितानें मांडावयाचा, ही याची रीत. पंचांगकर्ता ग्रहांचें करतो तेंच हें गणित. मात्र येथें ग्रह हजारों आहेत आणि त्यांची गति वातावरणाच्या घर्षणानें पालटत असते. सूर्य क्षुब्ध झाला कीं वरची हवा फुगते व वस्तु अपेक्षेपूर्वींच खालीं येतात. म्हणूनच वस्तु पडण्याची नेमकी घटिका आधीं सांगतां येत नाहीं; अर्ध्या तासाची चूक म्हणजे पृथ्वीप्रदक्षिणेच्या सुमारें एक तृतीयांश अंतराची चूक!

इस्रोच्या या योजनेचें नांवच ‘नेत्र’ आहे. बंगळूर येथील तिचें नियंत्रणकेंद्र डिसेंबर २०२० मध्यें सुरू झालें. टक्कर टाळण्यासाठीं आपल्या उपग्रहांना २०२२ सालीं २१ वेळां व २०२३ सालीं २३ वेळां वाट बदलावी लागली. चांद्रयान-३ चें उड्डाणहि याच कारणानें चार सेकंद पुढें ढकललें होतें, हें थोड्यांच लोकांस ठाऊक असेल. मार्च २०२३ मध्यें ‘मेघा-ट्रॉपिक्स’ हा जुना उपग्रह हेतुपुरस्सर पॅसिफिक महासागरावर उतरवून संपविला. २०३० पर्यंत आपल्या देशाच्या मोहिमांनीं मागें कचरा ठेवूं नये, असा संकल्प जाहीर झाला आहे.

कायद्याची बाजूहि ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वयें अशा वस्तूमुळें जमिनीवर हानि झाल्यास ती सोडणारें राष्ट्र भरपाईस बांधलेलें असतें. १९७८ मध्यें रशियाचा अणुभट्टीवाहक ‘कॉसमॉस ९५४’ कॅनडावर पडला, तेव्हां रशियानें पुढें तीस लाख कॅनेडियन डॉलर दिले. पण दावा सरकारनें सरकारवर करावयाचा असतो. शेतकऱ्यास परराष्ट्राच्या दारीं जातां येत नाहीं. म्हणून झालेल्या हानीची नोंद व पंचनामा तत्काळ होणें अवश्य आहे.

गृहस्थांनीं आपल्या मुलांस एवढें मात्र जरूर सांगावें: शेतांत अशी वस्तु आढळल्यास तिला हात लावूं नये, घरीं आणूं नये, भंगारवाल्यास विकूं नये. इंधनाच्या टाक्यांत विषारी द्रव्याचा अंश राहिलेला असूं शकतो. दुरूनच पाहावें आणि पोलीसपाटील वा तहसीलदारांस कळवावें.

आमच्या घरांत पूजेनंतर निर्माल्य वाटेवर टाकीत नाहींत. त्याची व्यवस्था हाहि पूजेचाच भाग मानतात. १९ एप्रिल १९७५ रोजीं आपण ‘आर्यभट’ आकाशांत पाठविला, तेव्हां देशाचा ऊर अभिमानानें भरून आला. तो १९९२ मध्यें वातावरणांत जळून गेला. पण त्यानंतर वर गेलेलें बरेंच कांहीं अजून तेथेंच आहे. विज्ञानाची पूजा मांडणाऱ्यांनीं तिचें निर्माल्यहि नीट उचललें पाहिजे. नाहींतर नातवंडांना आकाशाचें दार उघडतांना प्रथम केर काढावा लागेल.