पांढऱ्या पाण्यासाठी जाकीट निवडताना

आपल्या मंडळातल्या घरांतली मुले हल्ली सुट्टीत नदीवर जातात. बेळगावहून सोयीची म्हणजे गणेशगुडीची काळी नदी, आणि पाऊस लागला की सत्तरीतली म्हादई. म्हादई तर आपल्याच खानापूर तालुक्यात उगम पावून खाली गोव्यात उतरते. बहुतेक जण तिथे राफ्टमध्ये बसून, ओले होऊन, भजी खाऊन परततात. पण काहींना तेवढ्यावर समाधान होत नाही. त्यांना एकट्याने वल्हवायची कयाक शिकायची असते. आमच्या घरातही तेच झाले, आणि जाकीट खरेदीची फाईल आमच्या टेबलावर आली. आयुष्यभर कर्जाची कागदपत्रे तपासण्याची सवय असल्याने आम्ही लेबलावरचा बारीक मजकूर आधी वाचायला घेतला. त्यातून जे कळले ते सभासदांच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, दुकानात सरसकट ‘लाईफ जॅकेट’ म्हणून जे विकतात त्यात दोन वेगळे प्रकार असतात. खरे लाईफ जॅकेट बेशुद्ध माणसालाही पाण्यात उताणे करून तोंड वर ठेवण्यासाठी बनवलेले असते. त्याला मानेमागे कॉलर आणि छातीवर जाड भराव असतो. दुसरा प्रकार म्हणजे ‘बॉयन्सी एड’, तरंगायला मदत करणारे जाकीट. ते शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसासाठी असते. बेशुद्ध माणसाला ते उताणे करीलच असे नाही. खळाळत्या पाण्यात कयाक चालवणारे हा दुसराच प्रकार वापरतात.

हे ऐकून घरातली मोठी माणसे हमखास विचारतात, मग जास्त सुरक्षित ते का घेऊ नये? कारण असे की, कयाक उलटली तर आत बसल्या बसल्या वल्ह्याच्या आधाराने कंबर वळवून ती परत सरळ करायची असते. छातीवर उशी बांधलेल्या माणसाला ते जमणे कठीण. होडीतून बाहेर पडावेच लागले, तर नुसते तरंगून भागत नाही. खडक टाळत, प्रवाह तिरका कापत काठाच्या संथ पाण्यापर्यंत जोराने पोहावे लागते. तिथे हात मोकळे असणे हीच सुरक्षितता. हवा भरून फुगणारी जाकिटे तर इथे नकोतच. ओली होताच आपोआप फुगणारी जाकिटे पहिल्याच लाटेला फुगतील, आणि खडकावर घासून फाटली तर त्यांचा काही उपयोग उरत नाही.

आता आकडे. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १२४०२ चे अनेक भाग आहेत. त्यातला भाग ५ बॉयन्सी एडचा. लेबलावर ‘५०’ आणि पुढे एन हे अक्षर दिसेल, म्हणजे ५० न्यूटन. लाईफ जॅकेटे १००, १५० आणि २७५ न्यूटनच्या वर्गांत येतात. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने १ किलोचा उचल. तेव्हा ५० न्यूटन म्हणजे ५ किलो. ७० किलोचा माणूस ५ किलोत कसा तरंगणार, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. उत्तर असे की माणसाचे शरीर पाण्याइतकेच, किंचित कमी-जास्त जड असते. पाणी आपला बहुतेक भार आधीच उचलते. जाकिटाने उचलायचे ते फक्त पाण्याबाहेरचे डोके आणि थोडासा खांदा.

पण पांढऱ्या पाण्याची गंमत वेगळी. ते पांढरे दिसते ते त्यात मिसळलेल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे. असे फेसाळ पाणी साध्या पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते आपल्यालाही कमी उचलते आणि जाकिटालाही. जे जाकीट तलावात हनुवटी आरामात वर ठेवते, ते धबधब्याच्या पायथ्याशी तेवढे करत नाही. त्यामुळे अशा नद्यांसाठी ५० हा किमान आकडा समजावा. खास या खेळासाठी बनवलेली बरीच जाकिटे त्याहून थोडी जास्त उचल देतात. कयाकचा वर्ग तलावात असेल तर ५० पुरे.

तरीही आमच्या मते आकड्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे माप. मोठ्यांचे जाकीट वजनावर नव्हे, छातीच्या घेरावर निवडतात. घालण्यापूर्वी सगळे पट्टे सैल करावेत. मग आधी कमरेचा, नंतर बाजूचे, शेवटी खांद्याचे आवळावेत. मग दुसऱ्या कोणाला तरी दोन्ही खांद्यांना धरून जाकीट जोराने वर ओढायला सांगावे. ते हनुवटीपर्यंत सरकले तर कितीही महाग असो, परत ठेवावे. ढिले जाकीट पाण्यात वर चढते आणि माणूस त्याच्या खाली राहतो. यानंतर जमिनीवर बसून वल्हे मारल्यासारखे हात फिरवून पाहावेत. बगलेत घासते का, खालची कड मांडीला टेकते का, ते बसल्यावरच कळते. कयाकिंगचे जाकीट आखूड असते ते यासाठीच. कमरेला होडीचे तोंड बंद करणारा स्प्रेडेक बांधायचा असतो.

मुलांच्या बाबतीत आपली जुनी सवय नडते. गणवेश असो की बूट, आपण ‘वाढत्या अंगाचा’ घेतो. जाकिटात हे चालणार नाही. मुलांचे जाकीट वजनाप्रमाणे घ्यावे, आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेले घ्यावे, म्हणजे ते डोक्यावरून निसटत नाही. पुढच्या वर्षी बसले नाही तर नसो. दोन वर्षांची बचत करायला दुसऱ्या कितीतरी जागा आहेत.

छातीवर झटक्यात सुटणारा पट्टा आणि मागे कडी असलेली ‘रेस्क्यू’ जाकिटेही मिळतात. दिसायला रुबाबदार, मुले तीच मागतात. तो पट्टा दोरीला बांधून दुसऱ्याला वाचवण्यासाठी असतो आणि त्याचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे लागते. न शिकता दोरी अडकवणे हा धोका आहे. शिकाऊ मुलाला साधे जाकीट, भडक रंग आणि खिशात शिट्टी एवढे पुरे. लोंबणारे पट्टे आणि बंद नसलेल्या कड्या नसाव्यात. नदीतल्या फांद्या त्यांनाच पकडतात.

थोडे विषयांतर. इंग्लंडमध्ये १८५४ साली कॅप्टन वॉर्ड यांनी बचावनौकेच्या खलाशांसाठी बुचाचे जाकीट तयार केले. १८६१ च्या वादळात व्हिटबी येथे अशी नौका उलटली, तेव्हा १३ जणांपैकी एकटा हेन्री फ्रीमन वाचला. बुचाचे जाकीट त्याच्या अंगात होते. पुढे बुचाच्या जागी आपल्या सावरीच्याच गोत्रातल्या कपोक झाडाचा कापूस आला, आणि आता फोम.

फोम ऊन खाऊन आणि दाबला जाऊन थकतो. जाकीट बसायला उशी म्हणून वापरू नये, गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवू नये. नदीवरून आल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत, हँगरवर वाळवावे. हंगाम सुरू होण्याआधी छातीभर संथ पाण्यात, सोबत कोणीतरी असताना, गुडघे पोटाशी घेऊन पाहावे. हनुवटी वर राहिली तर जाकीट ठीक आहे. भाड्याने मिळणारे जाकीट किती उन्हाळे काढून आलेले असते हे ठाऊक नसते. म्हणून बक्कल, शिवण आणि लेबल तीनही पाहावीत. लेबल पुसून गेले असेल तर दुसरे मागावे, आणि ते देताना कोणी कुरकुर केली तर त्या दिवशी काठावरच बसावे.