आवाजांना न येणारी भाषा

माझा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी आजारी पडला. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. मराठीत याला छिन्नमनस्कता म्हणतात. पण आमच्या घरात बरेच दिवस यातला कुठलाच शब्द उच्चारला जात नसे. त्याला ऐकू येणारे आवाज मात्र अस्खलित मराठी बोलत. टोमणे मारत, हुकूम सोडत.

औषधांनी आवाज मंदावले. पण आजाराची दुसरी बाजू उरली. लक्ष टिकेना, ऐकलेलं निसटून जाई, माणसांत मिसळायची उमेदच आटली. अशा मुलाने एके दिवशी शेजारच्या धारवाडच्या आजींना विचारलं, "मला कानडी शिकवाल?" मी मनात म्हटलं, ह्याच्या लक्षात भाजीची यादी राहत नाही, नवी भाषा कशी यायची?

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या लुई वुल्फसनविषयी वाचलं. त्यालाही हाच आजार. मातृभाषा इंग्रजी, विशेषतः आईच्या तोंडची, त्याला असह्य होई. मग कानावर पडलेला इंग्रजी शब्द तो ध्वनीने आणि अर्थाने जुळणाऱ्या फ्रेंच, जर्मन, रशियन किंवा हिब्रू शब्दांत मनातल्या मनात बदलून टाकी. आपली कहाणी त्याने फ्रेंचमध्ये लिहिली. ती १९७० साली प्रसिद्ध झाली. तीत तो स्वतःला भाषांचा स्किझोफ्रेनिक विद्यार्थी म्हणवतो. त्यातला 'विद्यार्थी' हा शब्द माझ्या मनात रुतून बसला.

आजींची रीत साधी होती. दिवसाला तीनच शब्द. आधी कालचे म्हणायचे, मग आजचे वहीत लिहायचे. चुकला तर हसायचं नाही, थकला तर वही मिटायची. मध्ये आवाज पुन्हा वाढले, गोळ्या बदलाव्या लागल्या, वही महिनाभर बंद राहिली. मग पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात.

"आवाज कानडीत बोलतात का रे?" मी एकदा धीर करून विचारलं.

"त्यांना येत नाही," तो म्हणाला, आणि चक्क हसला.

भाषा शिकून हा आजार बरा होतो, असं कुणी कृपा करून समजू नये. गोळ्या चालू आहेत. पण घरात ज्याला आम्ही केवळ पेशंट समजत होतो, तो रोज अर्धा तास विद्यार्थी असतो.

परवा मला ऑफिसातून यायला उशीर झाला. तो दारातच उभा होता. "ऊट आय्ता?" त्याने विचारलं. जेवलीस का?

इतक्या वर्षांत त्याने मला हे मराठीतही विचारलं नव्हतं.